गोगलगायी मोजताना

सकाळी काठाच्या गवतात चाळणी बुडवतो.
चिमट्याने एकेक गोगलगाय कुपीत,
कुपी उन्हात. दोन तासांनी
ती सोडते पोटातलं.
भिंगाखाली दुभंगल्या शेपट्यांचे शेकडो,
कातडी शोधत पोहणारे.
हिच्या पोटात नुसते पाय असते
तर परवडलं असतं.

शाळेत उंचीची काठी उभी आहे.
या रेघेला दोन गोळ्या, त्या रेघेला तीन.
यान्खो टाचा उचलून मोठा होतो.
आमच्या भाषेत यान्खो म्हणजे उत्तर.
लघवी लाल होते का रे?
हसतो. ‘सगळ्याच पोरांची होते की.’
मी ‘होय’वर खूण करतो.

प्रश्न सतरावा : पाण्यात का उतरता?
त्याची आई, एनेलेस,
ओलं पातेलं कमरेवर पेलत
नुसती हातपंपाकडे बघते.
दांडा नाही. तीन पावसाळे झाले.
पर्यायांत पंप नव्हताच.
‘इतर’पुढे दोन बोटं जागा होती,
तिथे लिहिलं : पंप.
मागल्या वर्षीही लिहिलं होतं.

नमुने बर्फात बसून ब्लँटायरला गेले,
तिथून विमानाने, कुठे ते मला माहीत नाही.
मग निबंध आला, गुळगुळीत कागदावर.
आलेखात आमचं गाव एक ठिपका,
रेघेच्या जरासं वर.
एनेलेसला दाखवला.
म्हणाली, यात दांडा कुठाय?

संध्याकाळी बूट काढतो.
पिंढऱ्यांवर चिखल वाळलेला, घरी बादली रिकामी.
मला सगळं ठाऊक आहे,
शेपट्यांसकट.
घोट्यापर्यंतच, म्हणतो,
आणि उतरतो.