हातचा

टेबलावर तीन पत्रं आहेत, राइनो,
त्यांच्यावर मीठदाणी ठेवलीय मी.
मागचं दार उघडलं की सुपीरियर सरोवरावरचा वारा
थेट ओट्यापर्यंत येतो.

पहिलं पत्र जाड.
त्या कोचने तुझ्याशी हात मिळवला
आणि बघितलं तुझ्या पोटऱ्यांकडे,
आमच्याकडे लिलावात कालवडी बघतात तसं.
भिंतभर चषक. तळघरात पाण्याखाली फिरणारा पट्टा.
एकवीस पोरं, त्यातली सात स्पर्धेला जाणार.
"पहिली दोन वर्षं तू शिकशील," तो म्हणाला.
मी सोळा वर्षं शाळेची बस चालवतेय.
कोण चढणार आणि कोण फाटकाशी उभं राहणार
हे मला कुणी सांगावं लागत नाही.

दुसरं दक्षिणेतलं. अर्धी फी माफ,
डिसेंबरातही अर्ध्या चड्डीत पळायचं.
तू परत आलास, दोन दिवस काही बोलला नाहीस.
तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणालास,
"तिथे श्वास दिसत नाही."
एवढंच.
तुझ्या बापाला वाटलं, पोरगं कारणं शोधतंय.
मला आठवलं, सातवीत तू
पहाटे बसच्या पुढे पुढे पळायचास,
दिव्यांच्या उजेडात तुझी वाफ
आणि तिच्यामागे पहिल्या गिअरमध्ये मी.

तिसरं पत्र पातळ.
पळण्यासाठी पैसे देत नाहीत ते कुणालाच.
पाच तासांचा रस्ता, बटाट्याच्या शेतातली शर्यत,
आडवा गारठा, गारा की पाऊस काही कळेना.
कोच म्हणजे रसायनशास्त्राच्या ओस्टबर्ग बाई,
वेळांचा कागद ब्रेडच्या पिशवीत घालून उभ्या.
मला त्यांनी हिशेब समजावला:
पाच जणांचे क्रमांक धरायचे, बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकला.
सहावा बेरजेत नाही.
पण दुसऱ्यांच्या पाचव्याला त्याने गाठलं
तर त्यांचा आकडा एकाने फुगतो.
"म्हणजे हातचा," मी म्हणाले.
त्या हसल्या. नाक लाल, चष्म्यावर पाणी.

त्यांचा सहावा टू व्हँग नावाचा पोरगा,
ओढ्याच्या वळणावर चिखलाने त्याचा बूट गिळला.
तो तसाच पळाला, एक पाय मोजा, एक पाय बूट,
आणि शेवटच्या चढावर कुणाला तरी मागे टाकून
गवतावर पालथा पडला.
आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तुला शोधायला वळले
तर तू नव्हतास.

तू ओढ्याशी होतास.
मुलाखतीसाठी इस्त्री केलेली पँट गुडघ्यापर्यंत काळी,
कोपरापर्यंत हात चिखलात.
त्या पोराचं नावही तुला माहीत नव्हतं अजून.
बूट निघाला तेव्हा असा आवाज झाला
जसं कुणी बाटलीचं बूच काढलं.

परतीच्या वाटेवर तू हीटरसमोर बोटं धरलीस
आणि विचारलंस, टोलला सुटे आहेत का.
मीही काही विचारलं नाही.

काल रात्री तुझा बाप
पशुखाद्याच्या पावतीमागे बेरीज मांडत बसला होता.
फी, खोली, जेवण, बूट वर्षाला चार जोड.
पेन्सिल जिभेला लावायची सवय काही जात नाही डेलची.
तीनदा मांडली, तीनदा तेवढीच आली.
चौथ्यांदा त्याने वरच्या कोपऱ्यात
बारीक एक लिहिला आणि माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, दुपारची फेरी घेते मी, खाणीपलीकडची,
रीटा सोडतेच आहे थँक्सगिव्हिंगनंतर.

तू ठरव. आम्ही ठरवलंय असं समजू नकोस.
जाड पत्रातलं तळघर खोटं नाही,
आणि दक्षिणेचं ऊनही खोटं नाही,
आणि चार वर्षांनी गुडघा काय म्हणेल
ते ओस्टबर्ग बाईंनाही ठाऊक नाही.

फक्त ती पँट
मी अजून धुतली नाहीये.
गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलीय,
वाळलेला चिखल आपोआप गळतोय,
सकाळी बसच्या किल्ल्या घ्यायला गेले
की खाली थोडी माती असते.