सतरा नंबरची कुंडी

पाषाणच्या हरितगृहात, एप्रिलमध्ये,
मी चोवीस कुंड्यांचं पाणी तोडलं.
मालदांडी ज्वारी, पाच पानांवर आलेली.
दारावर कागद चिकटवला: पाणी घालू नये.
खाली सही, तारीख.
आणि बायजाक्का दांगटांना एकदा तोंडी,
कारण त्यांना वाचता येतं
पण चष्मा घरी राहतो.

त्या म्हणाल्या, बरं.

तिसऱ्या दिवशी पानांनी सुरळी केली.
बाहेरून दिसतं ते एवढंच.
आत, मुळं कोरडी पडल्याचा निरोप वर गेलेला असतो,
पानांची बारीक तोंडं मिटत येतात,
आणि पेशीच्या गाभ्यात, जिथे सगळं सूत
घट्ट गुंडाळून ठेवलंय,
तिथे एक फेरा सैल होतो.
एरवी कुणी न वाचलेली ओळ उघडी पडते.
तिच्या नकला निघू लागतात, भराभर,
टँकर आल्याची हाक ऐकून
एकाच वेळी सगळ्या जिन्यांवर बादल्या वाजाव्यात तशा.
वाढीच्या ओळी त्याच सुमारास मिटवल्या जातात.
उंच व्हायचं ते पुढे बघू.

मी पानं द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली,
खलात कुटली. काचेसारखी फुटली.
रात्री अकराला पडद्यावर रेघा आल्या.
तेवीस रेघा सरसर वर.
सतरा नंबर सपाट.
जणू तहान नावाचं काही घडलंच नाही.

पुन्हा केलं. पिपेट बदललं.
स्वतःला दोन शिव्या दिल्या.
दुसऱ्या दिवशी डबा अर्धाच खाऊन परत आले
तर बायजाक्का, पदराआड बाटली,
सतराशी काहीतरी बोलत होत्या.

का, म्हटलं.
"ती कडंला हाय. पंख्याची झळ तिलाच."
मग बाटलीचं टोपण लावता लावता,
माझ्याकडे न बघता:
"समद्यांना घातलं असतं तर तुला कळलं असतं."

ती कुंडी तिथेच बाद करायची असते.
मी केली नाही.
आठवडाभर सगळ्यांना पाणी दिलं.
सुरळ्या उलगडल्या, नवं पान फुटलं.
पण एकदा सैल झालेला फेरा
पुन्हा तितका घट्ट बसत नाही,
तिथे खूण राहते,
वाचलेल्या पानाचा दुमडलेला कोपरा.
आमच्या सोसायटीत गुरुवारचं पाणी बंद होऊन
दोन वर्षं झाली, म्हणजे बंद होणं बंद झालं,
तरी बुधवारी रात्री शेंडकर काकू पिंप भरतात.
मीही भरते.

मग दुसऱ्यांदा पाणी तोडलं.
तेवीसजणींनी पहिल्याच दुपारी तोंडं मिटली.
त्यांना ओळ पाठ होती.
सतरा उघडीच,
असेल नसेल ते हवेला देत,
बाटली येणार या भरवशावर.
तिनेच सर्वांत आधी मान टाकली.

प्रबंधात तिला एक तळटीप मिळाली:
एक नमुना वगळला, अनियोजित सिंचन.
सरांनी विचारलं, कुणाकडून?
गळती होती, म्हटलं.

बायजाक्कांना काय सांगायचं होतं?
तुमच्या पाण्यानं ती अडाणी राहिली, असं?
त्यांनी विचारलंच, कडंची कुठं गेली.
दुसरीकडे लावली, म्हणाले.
आणि ते खोटं नव्हतं.
इमारतीच्या मागे, एसीचं पाणी
थेंब थेंब पडतं तिथे.

परवा शनिवारी एसी बंद.
वाकून पाहिलं.
एका पानाची कड आत वळलेली होती,
किंचित, नखाएवढी.
माझ्या पिशवीत बाटली होती.
टोपण निघालं सुद्धा.