अर्धा तास पुढे

गुलटेकडीच्या गाळ्यात अकरा वर्षं
मी वेलदोडे चाळले.
आठ मिलिमीटरची चाळण, मग सात, मग साडेसहा,
आणि चाळणीला जे कळत नाही
त्याच्यासाठी नाक.
हिरवा कुठला आणि हिरवा केलेला कुठला,
शेठ विचारायचे,
मी एक दाणा फोडायचे.

म्हणून कोबानहून फोन आला तेव्हा
डिग्री कुणी विचारलीच नाही.
ग्वाटेमालात डोंगरच्या डोंगर वेलदोडा आहे म्हणे,
आणि पिकवणारे तो चहात टाकत नाहीत.

अण्णा म्हणाले, कुठल्या मालात?
मग नकाशा काढला,
बोट अमेरिकेवर ठेवून खाली खाली आणलं,
चष्मा पुसला.
"एवढ्या चिंचोळ्या जागेत?"
बिबवेवाडीपेक्षा ऐसपैस आहे, मी म्हणाले.
हसले नाहीत.

डेक्कनला चष्म्याच्या दुकानावर स्पॅनिशचा क्लास.
पहिल्याच आठवड्यात कळलं,
पगार म्हणजे देणं.
मी आजवर घेणं समजत होते.

फॉर्मवर आडनावाचे रकाने दोन.
पहिलं वडिलांचं.
दुसरं आईचं, माहेरचं.
पेन थांबलं.
आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.
ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं
त्या दिवशीच ते गेलं असणार,
आणि ते तांदूळ नंतर कुणीतरी शिजवलेही असतील.
रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर,
सहा वर्षांपूर्वीच्या मृत्यूच्या दाखल्यावर
ती लोणकरच.

अण्णांना विचारलं. लगेच आठवलं नाही.
उठून आत गेले,
माठातलं पाणी घेता घेता तिथूनच म्हणाले,
"सांबरे."
मग बराच वेळानं,
"कुसुम सांबरे. तेव्हा कुसुम होती."

शलाका लोणकर सांबरे.
रद्दी कागदावर तीनदा लिहून बघितलं.
तिसऱ्यांदा अक्षर जरा तिच्यासारखं आलं,
किंवा मला तसं वाटलं.

बॅग मार्केट यार्डाच्या काट्यावर तोलली.
तेवीस किलो, दोनशे ग्रॅम.
सोपानमामा म्हणाले,
एवढ्यात माणूस जातो होय परदेशी?
आमचं तर एक पोतं साठाचं.
दोनशे ग्रॅम काढले. गोडा मसाला होता.
परत टाकला, चपला काढल्या.

वेळेतला फरक साडेअकरा तासांचा.
तुमचे सकाळचे नऊ,
तेव्हा माझे आदल्या रात्रीचे साडेनऊ,
मी बोटांवर समजावलं.
"अकरा ठीक. वर अर्धा कशाला?"
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
भोंग्याबरोबर आत आणि भोंग्याबरोबर बाहेर गेलेला माणूस.
आमचं घड्याळ रेडिओच्या ठोक्यांवर लावलेलं,
शेजारचे त्यावर आपलं लावतात.

काल रात्री कुलूप शोधत बाहेर आले
तर अण्णा स्टुलावर.
काच उघडी,
मोठा काटा बोटानं ढकलत नेलेला,
बरोबर अर्धा तास पुढे.
"रात्र का दिवस, तेवढं मनात धरायचं," म्हणाले,
भिंतीला सांगितल्यासारखं.

आता बँक उघडायच्या आधी अर्धा तास
हे पायरीवर बसणार.
वेळेवर आलेल्या दूधवाल्याला
उशीर केलास म्हणून बोलणार.
शेजारच्या पाटणकरांची बस
रोज निघायच्या आधीच चुकणार.

मी काही म्हटलं नाही.
स्टूल धरून उभी राहिले.
त्याचा एक पाय आखूड आहे.