डावा गाल

करमल घाटात, तिसऱ्या वळणावर,
गाडीने घशात काटा अडकल्यासारखं केलं
आणि थांबली.
मागे फळीवरून पोह्यांचा डबा सुटला,
पोहे पार ब्रेकच्या पायापर्यंत.
हे काही बोलले नाहीत.
उतरले, मागच्या चाकाला दगड लावला,
जसा गारगोटी डेपोत एकतीस वर्षं लावला.

फंडाच्या पैशातून घेतलेलं हे घर:
जुनी ट्रॅव्हलर, तिच्या सगळ्या सीटा काढून
एक पलंग, एक ओटा, गॅसची शेगडी,
आणि माझ्या हट्टाचा, खिडकीतला ओवा.
कन्याकुमारीला जायचं, तिथून वर वळायचं,
मग कुठे, ते ह्यांनी सांगितलेलं नव्हतं.
मी शेजारी.
लग्नानंतर पहिल्यांदाच इतके दिवस जोडीने,
आणि मला दिसायचा तो डावा गाल.
त्यावरचा तीळ, कानातला पांढरा केस,
चढ आला की हलणारा जबडा.
डोळे रस्त्याला दिलेले.

टोचन करून बाळ्ळीला आणलं.
मेस्त इनासचं गॅरेज म्हणजे फणसाखालचं अंगण,
एक खड्डा, एक क्रूस, एक कोंबडी.
ती त्याच रात्री आमच्या गाडीखाली निजायला आली.
इनासने गिअरबॉक्स उतरवला,
तुटका पिनियन तळहातावर घेऊन
पोराचा पडलेला दात दाखवावा तसा दाखवला.
मडगावात नाही. पणजीत नाही. कोल्हापूरहून येणार.
कधी?
"फाल्यां."
फाल्यां म्हणजे उद्या, हे पहिल्या दिवशी कळलं.
फाल्यां म्हणजे उद्या नव्हे, हे चौथ्या.

गाडी ठोकळ्यांवर, चाकं फणसाला टेकलेली.
आरशापासून फांदीपर्यंत मी दोरी बांधली,
दोरीवर ह्यांचे बनियन, माझी नऊवारी अर्धी अर्धी करून.
पहाटे पोदेराचा भोंगा वाजला की हे दचकून उठत,
पांघरुणात पाय क्लच शोधत.
मग गरम उंडे घेऊन येत, कागदात.
पाचव्या दिवशी भोंगा वाजून गेला, हे घोरत होते.
उंडे मी आणले.

इनासच्या बायकोने, पिएदादने, दोन खुर्च्या दिल्या.
सपाट जागा एवढीशीच,
शेजारी शेजारी मावेनात.
समोरासमोर ठेवल्या.
ह्यांच्या उजव्या गालावर एक खड्डा आहे.
पाहिला होता मी, विचारला नव्हता.
बैलाचं शिंग, म्हणाले.
मग बैलाचं नाव. मग बैल कुणाला विकला,
त्या पैशातून लायसन कसं काढलं.
मग पाटगावला मुक्कामाच्या गाडीत
एकदा रात्रभर कशासाठी रडले, तेही.
ते मी इथे लिहीत नाही.
चहावर साय धरली.

मंगळवारी कुरिअरवाला आला.
हे विहिरीवर, अंगाला साबण.
इनासने सही केली, खोकं माझ्यापुढे धरलं.
मी खोक्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे.
"फाल्यां?" मी म्हणाले.
माझा कोकणीतला पहिला शब्द.
इनासने खोकं जुन्या टायरांमागे सारलं,
क्रूसाकडे चोरून बघितलं,
ऑइलच्या हातानेच नाक खाजवलं.
"फाल्यां," म्हणाला.

शुक्रवारी निघालो.
तिसरा गिअर लोण्यासारखा पडत होता.
कोंबडी रस्त्यापर्यंत आली, मग तिला गांडूळ दिसलं.
घाटमाथ्यावर ह्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली.
मला वाटलं, पुन्हा काहीतरी.
सीटखालून ते खोकं काढलं:
हिंदुराव भाऊ खराडे, मार्फत इनास गॅरेज, बाळ्ळी.
खाली शिक्का, मंगळवारचा, ठसठशीत.
आत माझा ओवा, कुंडीसकट,
वळणांवर हलू नये म्हणून
चारी बाजूंनी उंड्यांचे कागद खुपसलेले.

"ह्याला पाणी घाल," म्हणाले,
आणि मी तांब्या शोधून, भरून, घालेपर्यंत
किल्लीला हात लावला नाही.