सातवीबद्दल टपरीवर

शुक्रवारी सकाळी शटर वर केलं
तर ओटमार आधीच उभा,
बगलेत चौकोनी पिशवी, डोळे रात्रभर जागलेले.
"बावीस वर्षं थांबलो, रोझविथा.
बावीस वर्षं, आणि हे काय, शिळ्या कढीला ऊत."
कॉफी घेतली, साखर तीनदा ढवळली.
"ड्रम फार स्वच्छ. इस्पितळाच्या फरशीसारखे.
सत्त्याऐंशीत त्यांनी गॅरेजात रेकॉर्ड केलं,
छत गळत होतं,
दुसऱ्या गाण्यात बादलीत पडणारं पाणी ऐकू येतं.
ते पाणी कुठंय आता?"

बॉट्रोपमध्ये बँडचं नाव कुणी पूर्ण घेत नाही.
झोले झीबेन, म्हणजे खाणीतली सातवी पातळी,
जिथे बाप उतरायचे
आणि पोरं वर गिटारी किंचाळवायची.
आम्ही नुसतं सातवी म्हणतो.

दुपारपर्यंत मतं येत राहिली, सुट्या पैशांबरोबर.
यिल्दराय मेकॅनिक, हात पुसत:
गिटारी अर्ध्या सुराने खाली उतरवल्यात,
इंगबर्टचा गळा वर पोचत नाही म्हणून.
"उतरवल्या ते ठीक. लपवलं कशाला?
माझ्या बापाला दिसेनासं झालं तेव्हा चार वर्षं
तो पेपर वाचल्याचं नाटक करायचा."
दहापैकी सहा, म्हणाला, आणि सिगारेटचे कागद घेतले.
कोपऱ्यावरून वळून ओरडला,
"साडेसहा!"

कोर्नेलिया रात्रपाळी करून आली, फुप्फुसांच्या वॉर्डातून.
"चौथ्या गाण्याआधी तो श्वास घेतो ना,
तो त्यांनी कापला नाही.
असा श्वास घेणाऱ्याला
आम्ही उशी उंच करून देतो."
गाण्याबद्दल काही बोलली नाही.
दोन पाव, एक दूध.

यानिक, वय सोळा, कानात बोंडं तशीच:
लांबड लावलीय, पण सहावं भारी.
"हे म्हातारे इतके चिडलेत कशावर?
माझे आजोबा चिडत नाहीत,
टीव्ही बघतात."

त्याचे आजोबा गिसबर्ट संध्याकाळी आले.
एकतीस वर्षं खाली होते.
त्यांना हे संगीत कधीच आवडलं नाही,
तरी नातवाने बळेच ऐकवलं.
"खाणीत एवढा आवाज नसतो. झालाच तर पळायचं असतं.
शेवटच्या गाण्यातली धडधड मात्र खरी.
ती पंपाची."
ओटमार (तो परत आला होता) म्हणाला, पंप कसला,
दोन्ही पायांनी वाजवलेला ड्रम आहे तो.
गिसबर्टनी ऐकूनच घेतलं नाही.
"खाण बंद केली, भाषणं झाली, बँडवाल्यांनी,
म्हणजे आमच्या, पितळी वाद्यांच्या, निरोप वाजवला.
पंप बंद करता आले नाहीत.
केले तर पाणी वर येतं, निम्मं गाव तळ्यात जातं.
कायम चालवायचे, असं ठरलंय.
कायम म्हणजे किती, ते कागदावर नाही."
मग दोघं बराच वेळ भांडले, पंप की पाय,
आणि बिअरचे पैसे एकमेकांचे भरले.

माझं मत कुणी विचारलं नाही.
अठ्ठ्याऐंशीत त्यांची व्हॅन आइंडहोवनपर्यंत मी चालवली,
क्लच घसरत होता,
इंगबर्ट माझ्या बुटात ओकला होता.
पहिल्या रेकॉर्डच्या मागे, आभारांमध्ये, माझं नाव आहे,
त्यातला एच गाळलेला.
कुणाला दाखवलं नाही कधी.

रात्री शटर ओढून
ओटमार विसरून गेलेली पिशवी उघडली.
चष्मा लावला.
दाताचा डॉक्टर, बिअरचा कारखाना,
ड्रमरची मुलगी, मग मी.
एच अजूनही नाही.
तीच चूक, तशीच, कुणीतरी जुन्यावरून नीट उतरवून घेतलेली.

रेकॉर्ड काही ऐकली नाही मी.
टपरीत वाजवायला यंत्र नाही,
घरचं यंत्र पोराने नेलंय.
उद्या ओटमार पिशवी न्यायला येईल, विचारेल.
ड्रम स्वच्छ आहेत, म्हणेन.