धुरातला मासा

वेसाव्याला, वलांडीच्या सावलीत,
कागदातून मी तो तुकडा काढला.
तपकिरी, होडीच्या आकाराचा,
दगडावर आपटला तर टण्‌ वाजणारा.
चांगुणाबाय म्हणाली,
"ह्यो मासा? गो, ह्यानी तर खुंटी ठोकता येल."

माकुराझाकीत पहाटे पाचला
रंध्याचा आवाज ऐकून मला वाटलं होतं
घरात सुतार बसलाय.
खाली हामासाकीबाई
मासा तासत होत्या.
भातावर पडलेले ते पापुद्रे
वाफेनं हलत राहिले,
आणि मी चॉपस्टिक्स हातात धरून
ते थांबायची वाट बघत बसले.

बोलायला तीनच शब्द होते माझ्याकडे,
त्यातला एक चुकीचा.
आग्रह त्यांनी कधी केला नाही.
आपल्याकडे कसं, नको म्हणा, वाढतात,
हो म्हणा, वाढतात.
त्या फक्त बघायच्या.
तिसऱ्या सकाळी माझ्या वाटीशेजारी
बशीत दोन सुक्या लाल मिरच्या.
मी मागितल्या नव्हत्या.
आदल्या रात्री दोनदा मीठ घेतलं होतं, एवढंच.

निघताना त्या रस्त्यावर वाकून उभ्या,
बस वळेपर्यंत.
मागच्या काचेतून मीही वाकले,
किती वेळ वाकायचं ते ठाऊक नव्हतं,
दांड्यावर कपाळ आपटलं.

चांगुणाबायनं नखानं खरवडलं,
जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.
मागे बोंबील वाऱ्यावर
एकमेकांना घासत होते.
"उन्हातला नाय. धुरातला."
मग भाव नाही विचारला. विचारलं,
"किती दीस?"
सहा महिने, मी म्हटलं.
ती आपल्या तीन दिवसांच्या माशांकडे बघत
गप्प राहिली जराशी.

"बाईचं नाव काय म्हणलीस?"
हामासाकी.
"हामाशाकी," ती म्हणाली,
जशी काही पलीकडच्या गल्लीतली.
वर्तमानपत्रात दहा बोंबील गुंडाळले, वर एक.
"धाड तिला. सांग, भाजायच्या आधी डोकं काढ."

पोस्ट, कस्टम, पार्सलमधला वास,
काहीच बोलले नाही मी.
पुडकं दोन्ही हातांनी घेतलं
आणि नकळत वाकले.
"कंबर धरली काय गो?"

येते, म्हटलं.
कोपऱ्यावरून वळून पाहिलं:
ती निरोपाला उभी नव्हती.
कावळ्याला शिव्या घालत
वलांडीकडे धावत होती,
ओच्यात तो तुकडा
घट्ट खोचलेला.