डब्याचा नंबर

धुळवडीची सकाळ, शुक्रवार पेठ.
रंग अजून पाच दिवस लांब,
आज नुसतं मटण.
इलाहीभाईंच्या दुकानापासून निघालेली ओळ
पिठाच्या गिरणीवरून वळून
तालमीच्या मागं दिसेनाशी झालेली.

माझ्या पुढं बापूसो इंगवले.
हातात कडीचा स्टीलचा डबा,
झाकणावर नाव टोचलेलं, सौ. हौसाबाई.
वीसेक माणसं सरकली तेव्हा वळून म्हणाले,
"वैनी, जरा लक्ष असू दे. आलोच."
माझ्या मागच्यालाही म्हणाले,
आपल्या पुढच्यालाही.
हे असंच असतं.
एकालाच सांगून गेलेला माणूस
परत येतो तेव्हा साक्षीदार कमी पडतो.

ह्या गोष्टी कुणी शिकवत नाही.
न सांगता पिशवी टाकून गेलात तर ती पिशवीच, नंबर नव्हे.
चप्पल चालते, पण दोन्ही ठेवून अनवाणी गेलात तर.
एकच ठेवली तर लोक हसतात.
वीट मात्र कुणी मानत नाही,
वीट कुणाचीही असते.
एकानं एकाचाच नंबर धरायचा, अख्ख्या भावकीचा नाही.
चहाला जाऊन यावं, अंघोळीला नाही.
आणि दुसऱ्याचा डबा पुढं सरकवायचा तो वाकून, हातानं.
पायानं ढकलणारी माणसंही बघितलीत मी,
त्यांच्याकडं पुन्हा कधी विरजण मागितलं नाही.

मी वाकत राहिले.
ओळ दोन पावलं, डबा दोन पावलं.
गुडघा कुरकुरला.
गिरणी सुरू झाली, इंगवल्यांचा पत्ता नाही.

बुलेटवरनं एक पोरगा आला, गॉगल डोक्यावर,
डबा आणि मी यांच्यातल्या फटीत असा उभा राहिला
जशी त्याच्याच मापानं सोडली होती.
"इथं माणूस हाय," मी म्हटलं.
"कुठाय?"
"डबा दिसत न्हाई?"
"मावशी, डबा मटण खातोय व्हय?"
मागनं कुणीतरी म्हणालं,
"न्हाई, पण तू मार खाशील."
मग सगळी ओळच बोलायला लागली.
ज्यांनी बापूसोंना कधी बघितलं नव्हतं
तेही त्यांच्या वयावर, पेन्शनीवर जाऊन भांडले.
पोरगा गेला.
डबा आपला उन्हात उभा, चकचकीत,
पोलीसपाटलासारखा.

पुढं सात जण उरले तेव्हा इंगवले आले.
घामाघूम. सदऱ्याच्या खिशात
मेडिकलची कागदी पुडी, अर्धी बाहेर.
घड्याळ बघितलं. डब्याकडं बघितलं.
"लई वेळ झाला की ओ."
"असू दे. नंबर हाय तुमचा."
"डब्याचा हाय. माझा सुटला."
आणि डबा उचलून चालायला लागले
शेपटाकडं.

मी हाक मारली, मागच्यांनी मारली,
इलाहीभाईंनी सत्तूर थांबवून मान वर केली.
ते नुसता हात हलवत गेले,
पंगतीत आग्रह झाल्यावर हलवतात तसा,
झालंय, झालंय.

इतका वेळ भांडून राखलेली दीड फूट जागा
माझ्या पुढं मोकळी पडली
आणि मला सरकवेना.
"चला की वैनी," मागनं आवाज.

माझं अर्धा किलो झालं, नळी घालून.
घर उजवीकडं, पण मी डावीकडनं गेले,
ओळीच्या कडेकडेनं, तालमीच्या मागपर्यंत.
इंगवले शेवटून तिसरे.
पुढ्यात एक लाल पिशवी,
तिच्यामागं दोन पायांत डबा.
पिशवीचं माणूस कुठं दिसत नव्हतं.

ओळ हलली.
त्यांनी आधी पिशवी सरकवली,
वाकून,
मग डबा.